पान बारा

जालन्यात, नगरपरिषदेच्या शाळेत,
दुसरी ब चे बाक भिंतीला सारून
आम्ही खडूनं चौकोन आखला: हा रंगमंच.
रविवार, दहा ते एक.
फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच होता.
टकले सर म्हणाले, राहू द्या, नेपथ्य आहे.

नाटक माझं. तीन वर्षं लिहीत होतो.
दिवसा पतसंस्थेत वसुलीचं रजिस्टर,
रात्री रोलिंग मिलचा कामगार.
मिलच्या आत मी कधी गेलो नव्हतो.
फाटकापर्यंत गेलेलो, हप्ते मागायला.
हे कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सत्तावीस जण आले.
विम्याचे एजंट प्रवीण बोर्डे, आवाज असा
की खिडकीचं तावदान थरथरावं.
त्यांनी पान बारा म्हटलं, भट्टीसमोरचं लांबलचक भाषण,
आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली
स्वतःलाच.

एका पोराला फक्त मेलेला कामगार व्हायचं होतं.
"त्याला पाठांतर नाही ना, सर."
चौकोनात आडवा झाला आणि खरंच झोपी गेला.
रात्रपाळी करून आला होता.
कुणीतरी त्याच्या अंगावर सतरंजी टाकली,
आम्ही पुढचं नाव पुकारलं.

द्वारका शिंगाडे. बियाण्याच्या कंपनीत निवडायला जाते.
तिला बायकोचा प्रवेश दिला:
नवऱ्याचा डबा भरते, रडते.
"रडायचं कधी? डबा भरायच्या आधी का नंतर?"
सर म्हणाले, भरता भरता.
"मंग भाजी सांडती," ती म्हणाली,
"आन् गाडी चुकती मपली."
तरी करून दाखवलं.
चार पोळ्या मोजल्या, एक परत काढून घेतली,
झाकण दाबलं.
रडली नाही.
मी वहीत लिहिलं: ठीक.
मग ते खोडलं.

साडेबाराला रुस्तुम काकडे.
वर्गाच्या दारात चपला काढल्या.
डाव्या पावलावर जुनी भाजल्याची खूण,
चिंचेच्या शेंगेएवढी.
पान बारा लांब धरलं, जवळ धरलं,
मग टेबलावर ठेवून दिलं.
"एवढं कोणी बोलत नाही तिथं.
मपलं मपल्याला आईकू येत नाही."
मग काय करता?
"हे."

दोन बोटं वर. तळहात खाली.
पाय फाकवून उभा राहिला,
मुठीत नसलेली सांडशी,
आणि रोलमधून जे येतं, लाल, लांब, वळवळतं,
ते धरलं, कमरेतून फिरला,
दुसऱ्या तोंडात दिलं.
पुन्हा धरलं.
पुन्हा.

वर्गातल्या सगळ्यांनी पाय मागे घेतले.
मीपण.

एवढी शांतता झाली की तिनंच
तो झोपलेला पोरगा जागा झाला.
उठून बसला, रुस्तुमकडे पाहिलं,
आणि अर्धवट झोपेत
एक बोट वाकवून उत्तर दिलं.
रुस्तुमनं मान हलवली.

काय म्हणालात तुम्ही त्याला?
"येऊ राहिलं. सरक."
आणि तो?
"सरकलो म्हणला."

तालीम रोज सात ते नऊ.
रुस्तुमची पाळी सातला लागते,
पंधरा दिवसांनी बदलते, तेव्हा ओव्हरटाइम.
भूमिका बोर्ड्यांना गेली.
पान बारा मी फाडलं नाही, पाठकोरं होतं.
उलटं करून लिहिलं:
इथे कोणी बोलत नाही.
बोर्डे खांद्यावरून वाकून बघत होते.
"माझी वाक्यं किती राहिली?"
मी मोजायचं नाटक केलं.

दारात रुस्तुम चपला शोधत होता.
"तुम्हाला पाहेलंय मी, फाटकावर," तो म्हणाला,
आवाज न चढवता, जणू पत्ता सांगावा तसं.
"एक डाव आत या ना, भो.
बूट घालून या मात्र."